मुलांची कॉफी आणि घरचा चहा

मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आणि दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण अशा समुद्राकाठच्या गावांत गेल्या काही वर्षांत कॅफे निघाले. ते पर्यटकांसाठी निघाले होते, पण शाळा आणि शिकवणी यांच्या मधल्या तासाभरात तिथे गावातलीच मुले बसलेली दिसू लागली, आणि तेव्हापासून पालकसभांमध्ये एक वाद वरचेवर उठतो आहे: शाळकरी मुलांना कॉफी पिऊ द्यावी की नाही? एका बाजूचे पालक सांगतात की कॉफीने उंची खुंटते, रंग काळवंडतो आणि मूल हाताबाहेर जाते. दुसऱ्या बाजूचे विचारतात की आम्ही दुधाचे दात पडायच्या आधीपासून चहा पीत आलो, आमचे काय वाकडे झाले? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. पण सभा उठते तेव्हा मुलाने किती, कोणत्या वयात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि जेवणापासून किती अंतराने प्यावे, यांतल्या एकाही गोष्टीवर शब्द निघालेला नसतो. मुलांच्या झोपेशी आणि रक्ताशी थेट संबंध असलेला प्रश्न असा वाया जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे मत आधीच सांगतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला रोजची कॉफी देऊ नये, आणि रोजचा चहाही देऊ नये. त्यापुढच्या वयात सकाळी, न्याहारीपासून अंतर ठेवून घेतलेला एक लहान कप चालेल. दुपारी तीननंतर मात्र दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यालाही तो मिळू नये. सणासुदीला किंवा पाहुण्यांकडे घोटभर कॉफी घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि तेवढ्यासाठी मुलाला अपराधी वाटायला लावू नये. कॉफी हा चारित्र्याचा, संस्कृतीचा किंवा मुलींच्या वागणुकीचा प्रश्न आहे असे मानून या वादात कोणी उतरू नये, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणतो. ज्या घरात तिसरी-चौथीतल्या मुलाला सकाळ-संध्याकाळ बशीत चहा ओतून दिला जातो, त्या घराने कॅफेतल्या कॉफीवर बोट ठेवण्याआधी आपल्या स्वयंपाकघराकडे पाहायला हवे, कारण मुलाच्या शरीरात गेल्यावर या दोन पेयांमधले अंतर आपण समजतो त्याहून फार कमी उरते.

चहा आणि कॉफी या दोन्हींत काम करणारे द्रव्य एकच, कॅफिन. फ्रीडलीब रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. चहातून निघालेल्या द्रव्याला पुढे काही वर्षे निराळे मानले गेले, पण १८३८ पर्यंत ती दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. प्रमाणाचे म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत १५० मिलिलिटरच्या कपामागे कॅफिनचे आकडे दिलेले आहेत: गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. आपल्याकडे घरोघरी होते ती कॉफी म्हणजे दुधात घातलेली चमचाभर इन्स्टंट पूड, वर साखर आणि जायफळ. आपला चहा मात्र पूड घालून, आले-गवती चहा टाकून चांगला खळखळून उकळलेला असतो. तेव्हा कॉफी ‘गरम’ आणि चहा ‘साधा’, कॉफी मोठ्यांची आणि चहा सगळ्यांचा, ही जी विभागणी आपण मनाशी करून ठेवली आहे तिला या आकड्यांत कोठेही आधार सापडत नाही. तिचा उगम सवयीत आहे. चहा आपल्याकडे आधी रुजला, म्हणून तो निरुपद्रवी ठरला.

आता मुलाच्या वजनाचा विचार करा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मुलांसाठी जी मर्यादा सुरक्षित मानली ती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम कॅफिनची आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याची शिफारस त्याहून थोडी कडक, म्हणजे किलोमागे २.५ मिलिग्रॅमची आहे. पहिली-दुसरीतले वीस किलोचे मूल घेतले तर ही मर्यादा ५० ते ६० मिलिग्रॅमवर येते, म्हणजे इन्स्टंट कॉफीच्या एका पूर्ण कपात ती गाठली जाते आणि कडक चहाच्या दोन कपांत सहज ओलांडली जाते. साठ किलोच्या बापाने घेतलेला एक कप आणि त्याच भांड्यातून त्याच्या मुलाला दिलेला एक कप दिसायला सारखाच असला, तरी मुलाच्या दृष्टीने ते बापाने लागोपाठ तीन कप घेण्यासारखे आहे. जो माल मोठ्या मचव्याला जाणवतही नाही त्याच मालाने होडी पाण्याखाली जाते, हे खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. मान्य आहे की अर्ध्या बशीतल्या दुधाळ चहात कॅफिन फार नसते, आणि तेवढ्याने कोणतेही मूल आजारी पडणार नाही. पण अर्धी बशी अर्धीच राहते का? मूल वाढते तशी बशीची वाटी होते, वाटीचा कप होतो, सकाळच्या जोडीला संध्याकाळ येते, आणि वजन मात्र त्या वेगाने वाढत नाही.

विरोधी बाजूच्या म्हणण्यात जे खरे आहे ते नीट मान्य केले पाहिजे. कॉफीने उंची खुंटते या समजुतीला पुरावा नाही. कॅफिनमुळे लघवीवाटे थोडे कॅल्शियम जास्त जाते हे खरे, पण कपात दोन चमचे दूध असले तरी ती तूट भरून निघते. ही भीती जगभर पसरवणाऱ्यांत व्यापारीही होते. अमेरिकेत सी. डब्ल्यू. पोस्ट या उद्योजकाने १८९५ साली गव्हाचा कोंडा आणि काकवी भाजून कॉफीऐवजी प्यायचे एक पेय बाजारात आणले, आणि ते खपावे म्हणून कॉफी किती घातक आहे याच्या जाहिरातींचा वर्षानुवर्षे मारा केला. रंग काळवंडण्याची गोष्ट तर निव्वळ रंगाच्या वेडातून आलेली आहे. ती मुलींच्याच बाबतीत सांगितली जाते यातच तिचे मूळ दिसते. कॉफी हे विष नव्हे, आणि प्रौढ माणसाला दिवसाकाठी दोन-तीन कपांनी अपाय होत नाही, हेही खरे. इतकेच काय, मुदतीआधी जन्मलेल्या ज्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो त्यांना डॉक्टर औषध म्हणून कॅफिनच देतात, आणि त्याचा उपयोग मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे. ‘नवजात बाळाला चालते, मग दहा वर्षांच्या मुलाला का नाही?’ असे कोणी विचारले तर प्रश्न फालतू म्हणून उडवून लावता येणार नाही. पण ते औषध बाळाचे वजन करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून आणि श्वास स्थिर झाल्यावर बंद करायचे म्हणून दिले जाते. नवजात बाळाच्या शरीरातून कॅफिन बाहेर पडायला दिवसच्या दिवस लागतात, हे डॉक्टर गृहीत धरून चालतात. त्या उदाहरणावरून काही शिकायचेच असेल तर वजन आणि मात्रा पाहायला शिकावे.

कॉफीवरचे वाद पुष्कळदा कॉफीसाठी नसतातच, याला इतिहासाची साक्ष आहे. १५११ साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने धर्मशास्त्री आणि वैद्य जमवून कॉफी घातक असल्याचा निवाडा मिळवला आणि तिच्यावर बंदी घातली. त्या शहराकडे जाणारी यात्रेकरूंची जहाजे पुढे आपल्या दाभोळ बंदरातूनही सुटत. वैद्यांनी साक्ष दिली ती कॉफीच्या गुणदोषांवर, पण खैर बेगला खुपत होते ते रात्री कॉफीच्या निमित्ताने लोकांनी जमणे आणि बोलणे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला तोही तिथे राजाविरुद्ध अफवा पिकतात म्हणून, आणि काही दिवसांतच त्याला तो मागे घ्यावा लागला. फार लांब जायला नको. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक आणि इतर मंडळी चहाला गेली, त्यावरून केवढे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचे प्रकरण, माजले! प्रायश्चित्ते झाली, घराघरांत फूट पडली. त्या सगळ्या गदारोळात चहा शरीराला बरा की वाईट हे कोणीही विचारले नाही. विचारले ते इतकेच की तो कोणाच्या हातचा होता.

आज आपल्या गावांतल्या वादातही मला तेच दिसते. कॅफेविरुद्ध बोलणाऱ्या पालकांना बारकाईने ऐकले तर दोन वाक्यांनंतर कॉफी मागे पडते आणि मुलगे-मुली एकत्र बसतात, कोणाची मुलगी कोणासोबत दिसली, हे विषय पुढे येतात. ही काळजी पालकांनी जरूर बोलून दाखवावी, तिच्यावर घरात आणि शाळेत मोकळी चर्चा व्हावी. पण ती कॉफीच्या आडून करू नये. त्यात दुहेरी नुकसान आहे. मुलांना ते ताबडतोब कळते, आणि मग कॅफिनबद्दल आपण सांगितलेली खरी गोष्टही त्यांना बहाणाच वाटते. शिवाय कॅफेत जायची बंदी होते ती बहुधा मुलींनाच, आणि तीच मुलगी घरी येऊन संध्याकाळी सहा वाजता भावाच्या बरोबरीने कपभर चहा पिते त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची; बसून वाचता-बोलता येईल अशी जागा शहराला असावी असे त्या काळच्या लोकांनाही वाटले होते. आजच्या किती गावांत चौदा वर्षांच्या मुलीला शाळेबाहेर तासभर बसता येईल अशी एक तरी जागा आहे? ती नाही म्हणून मुली कॅफेत बसतात. जागेचा प्रश्न जागेने सोडवावा.

कॉफीचा वाद एकदाच योग्य जागी पोहोचल्याचे उदाहरण मला अमेरिकेत सापडते, आणि गंमत अशी की तो वाद कॉफीवर नव्हताच. तिथल्या अन्नशुद्धीच्या कायद्याखाली हार्वी वायली या अधिकाऱ्याच्या आग्रहावरून १९०९ साली कोका-कोलाचा साठा जप्त झाला आणि १९११ मध्ये चॅटनूगा इथे खटला उभा राहिला. वायलीचा आक्षेप होता की कॅफिन घातलेले हे पेय लहान मुलांपर्यंत पोहोचते आहे आणि त्यांच्या पालकांना त्याचा पत्ता नाही. कंपनीने आपल्या बाजूने हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडून प्रयोग करवून घेतले. प्रयोग नेटके होते, पण ज्यांच्यावर ते झाले ती सगळी प्रौढ माणसे होती. प्रकरण १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर कंपनीने पेयातले कॅफिन कमी करण्याची तयारी दाखवून तडजोड केली. धर्म नाही, राज्य नाही, विटाळ नाही. किती मिलिग्रॅम आणि कोणाच्या पोटात, या दोन प्रश्नांवर येऊन तो वाद थांबला. शंभर वर्षांनंतर आपल्या पालकसभांनी निदान तिथून तरी सुरुवात करावी.

‘आम्हाला काय झाले?’ हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तो प्रामाणिकही आहे. तमिळनाडू-कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या फिल्टर कॉफी प्यायली जाते, ब्राझीलमध्ये मुले सकाळी दूध-कॉफी पितात, तिथली मुले काही अंथरुणाला खिळलेली नाहीत. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या मुलाचा दिवस आठवून पाहा. सकाळी सहाला कोरा चहा, मग दिवसभर पायपीट, दिवेलागणीला परवचा, आणि रात्री साडेआठ-नऊला घर झोपलेले. त्या चहाला उतरायला चौदा तास मिळत होते. प्रौढ माणसाच्या रक्तातले निम्मे कॅफिन उतरायला सरासरी पाच तास लागतात, उरलेल्याचे निम्मे उतरायला आणखी पाच. आजचे मूल शिकवणीला जाताना संध्याकाळी सहाला कोल्ड कॉफी घेते, घरी येऊन अकरापर्यंत मोबाइलच्या उजेडात असते आणि सकाळी सहाला स्कूलबससाठी ओढून उठवले जाते. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यामुळे झोप येते. कॅफिन त्या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते, थकवा जात नाही, तो फक्त कळेनासा होतो. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने प्रौढांची झोप तासाहून अधिक घटल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. मुलाची मात्रा त्याहून कमी असते हे खरे, पण शरीरही लहानच असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि त्यापुढे अठरापर्यंत आठ ते दहा. ती मिळत नाही हे आपल्या सरकारनेही मान्य केले: फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला तो याच कारणाने. शाळेची घंटा मुलाच्या झोपेसाठी पुढे ढकलायची आणि घरात त्याच झोपेत संध्याकाळचा चहा ओतायचा, हे कसे जमावे?

इथे परीक्षेचा मुद्दा येतो, आणि कोकणात तो टाळता येत नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्या अभिमानाच्या पोटी जानेवारीपासून घरोघरी रात्री थर्मास भरून ठेवले जातात. आई स्वतः झोप मोडून मुलासाठी अकरा वाजता कॉफी करते, त्यामागच्या मायेबद्दल मला शंका नाही. कॅफिनने तात्पुरते लक्ष लागते हेही खरे. पण दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते, आणि जे जागरण त्या झोपेवर घाला घालते त्याने वाचलेल्या पानांची संख्या वाढली तरी लक्षात राहिलेल्या पानांची वाढेलच असे नाही. रात्री अकराच्या कॉफीऐवजी पहाटे पाचला उठून, तोंड धुऊन, खिडकी उघडून वाचायला बसलेला विद्यार्थी नेहमी पुढे राहतो, असे मी किनाऱ्यावरच्या शाळांत शिकवताना पाहत आलो आहे. आणि हवाच असेल तर मोठ्या मुलाला त्या पहाटे एक लहान कप द्यावा. त्या वेळेला माझी हरकत नाही.

झोपेपेक्षाही ज्या गोष्टीबद्दल मला अधिक बोलायचे आहे ती रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. आपले अन्न मुख्यतः वनस्पतिजन्य, आणि त्यातले लोह शरीराला मुळातच कष्टाने मिळते. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्ये त्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषले जात नाही. १९८३ च्या एका अमेरिकन अभ्यासात जेवणासोबत घेतलेल्या कपभर कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, आणि चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने सोबत घेतल्याइतकेच नुकसान केले. राष्ट्रीय पोषण संस्थाही जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असे सांगते. म्हणजे या एका बाबतीत तरी आपला घरगुती चहा कॅफेतल्या कॉफीहून अधिक नडतो. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, चवळीची उसळ असे लोह देणारे जेवण आपण मुलाला मुद्दाम वाढायचे, आणि ते संपते न संपते तोच हातात चहा द्यायचा, याला काय म्हणावे?

पूर्वी सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज व्हायची, कोठे मऊभात-मेतकूट, कोठे नाचणीची आंबील, कोठे रात्रीची भाकरी. ती जागा आता चहा आणि बटरने घेतली आहे. सकाळच्या प्रार्थनेला चक्कर येऊन खाली बसलेल्या मुलाला ‘काय खाऊन आलास?’ विचारले की उत्तर ठरलेले: ‘चाय-बटर’. गोड, गरम चहाने भूक मरते, आणि पोट भरल्यासारखे वाटते म्हणून मूलही काही मागत नाही. यासाठी मी आईला दोष देणार नाही. जी बाई पहाटे बंदरावर लिलावाला जाते किंवा आंब्याच्या हंगामात बागेत पेट्या भरायला जाते, तिला दोन मिनिटांत होणारा चहा आणि बरणीतले बटर हाच आधार असतो. तिला पोषणाचे व्याख्यान देणाऱ्याने तिची सकाळ एकदा पाहावी. पण पेज रात्रीच शिजवून ठेवता येते, सकाळी नुसती गरम करायची असते, आणि त्या घरातला बाप किंवा मोठा मुलगा ते करू शकतो. आजवर त्यांनी ते केले नाही, म्हणून चहा आला.

दुधाचा मुद्दा खरोखरच अवघड आहे. ‘कॉफी घातली की मूल दूध तरी पिते’ हे अनेक घरांतले सत्य आहे, आणि कोकणात त्याला वजन आहे, कारण इथे दूध मुळातच कमी, बरेचसे घाटावरून पिशव्यांतून येणारे, आणि ते मुलाच्या पोटात जावे म्हणून आईबाप धडपडत असतात. अशा घरात दुधाच्या पेल्यात पाव चमचा कॉफी पडली तर मी आकांत करणार नाही. पण मुलाला हवा असतो तो कॉफीचा कडूपणा की तिच्यासोबत येणारी साखर, जायफळ, वेलची? आपल्या जुन्या कॉफीत जायफळ असायचेच, आणि ते आपल्या मातीतले आहे; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या ‘कोकण सुगंधा’सारख्या जाती काढल्या आहेत. चिमूटभर जायफळ आणि वेलची घातलेले दूध किंवा नाचणीचे सत्त्व यांना कॉफीवाचूनही चव येते. नाचणीत तर शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे दूध कमी पडते तिथे तिचा आधार मोठा आहे. कॅफेतल्या कोल्ड कॉफीला ‘दूधच आहे’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी त्यात पडणारी साखर आणि आइस्क्रीम एकदा डोळ्यांनी पाहावे.

बंदीने मुले अधिकच ओढली जातात, हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून कायद्याने मुलांची कॉफी बंद करा असे मी कोठेही म्हणत नाही. घरातल्या पेल्यात सरकारने येऊ नये. दुकानाचे मात्र वेगळे. टपरीवर वीस रुपयांत मिळणाऱ्या रंगीत ‘एनर्जी ड्रिंक’मध्ये लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते, आणि ते मुलांसाठी नाही असे बाटलीवर छापणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बंधनकारक केले आहे. ती बारीक अक्षरे वाचून सातवीतल्या मुलाला परत पाठवणारा टपरीवाला मी पाहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेये विकण्यावर बंदी आणण्याची घोषणा झाली. जे पालक कॅफेवर तुटून पडतात त्यांनी आपल्या शाळेच्या फाटकापासून ते अंतर चालून पाहावे आणि वाटेत काय विकले जाते याची नोंद ग्रामपंचायतीकडे द्यावी. कॅफेत बसून तासाभरात एक पेला संपवणाऱ्या मुलापेक्षा क्रिकेट खेळून आल्यावर दोन बाटल्या घटाघटा पिणाऱ्या मुलाची काळजी मला जास्त वाटते, आणि त्याच्याबद्दल सभेत कोणी बोलत नाही, कारण तो मुलगा असतो आणि उघड्यावर उभा असतो.

राहता राहिला आतिथ्याचा प्रश्न. गणपतीत भजनी मंडळी घरोघर फिरतात, त्यांच्यामागून झांजा घेऊन मुलेही फिरतात, आणि रात्री बारा-एकला प्रत्येक घरी चहा-कॉफीचे पेले पुढे येतात. ‘घे रे, अर्धा कप तरी घे’ हा आग्रह नाकारणे मुलाला जमत नाही, आणि जमावे अशी अपेक्षाही करू नये. ते काम मोठ्यांचे आहे. एका रात्रीने काही होत नाही, पण कोकणातला गणपती एका रात्रीचा नसतो, आणि त्याच मुलाला सकाळी पुन्हा आरतीला उठायचे असते. चतुर्थीच्या आधी वाडीची बैठक बसते, भजनाच्या पाळ्या आणि प्रसाद ठरतो, त्याच बैठकीत मुलांसाठी वेगळे पातेले ठरवता येईल. जायफळाचे दूध परवडले तर ते, नाही तर लिंबाचे किंवा आवळ्याचे सरबत. त्यातले ‘क’ जीवनसत्त्व उसळीतले लोह अंगी लागायला मदत करते, आणि त्याला दुधाइतका खर्चही येत नाही.